मदत हवी आहे: गॅलरीत फुलपाखरांसाठी झाडं लावायची आहेत

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरी पूर्वेची, ऊन साधारण अकरापर्यंत. एक्झोरा, पेंटास, सदाफुली, झेंडू छान फुलतात. फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. मला मात्र त्यांनी इथे अंडी घालायला हवी आहेत. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू हे सगळं लेकीला घरातच बघता यावं, अशी फार इच्छा आहे.

हे जमू शकतं, हे कढीपत्त्यामुळे कळलं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. नीट पाहिलं तर अळ्या! मोठ्या झाल्यावर त्याच हिरव्यागार झाल्या. जरा डिवचलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर यायची आणि उग्र वास सुटायचा. कोषातून कॉमन मॉरमॉन फुलपाखरं निघाली. पण तोवर कुंडीत नुसत्या काड्या उरल्या होत्या. फोडणीला पान मिळेना, तरी सासूबाईंनी एकाही अळीला हात लावू दिला नाही. शेवटच्या अळ्यांसाठी खालच्या काकूंकडून लिंबाचा पाला आणावा लागला.

म्हणून आता अळ्यांसाठी वेगळी झाडं लावायची आहेत. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्यांना रुई लागते, पण ती कुंडीत तगते का? चीक डोळ्याला वाईट, आणि घरात लहान मूल आहे. लिंबू किंवा माकडलिंबू लावलं तर नीलवंत (ब्लू मॉरमॉन) चौथ्या मजल्यापर्यंत येईल का? 2015 मध्ये राज्य फुलपाखरू झालं तेव्हापासून ते आपल्याकडे यावं असं वाटतंय.

सगळ्यात मोठी काळजी फवारणीची. सोसायटीत डासांसाठी धूर सोडतात, तेव्हा अळ्यांचं काय करायचं?

प्रतिसाद

रुई मोठ्या कुंडीत येते, पण तिला भरपूर ऊन हवं. लहान मूल असेल तर तूर्त नकोच. हळदीकुंकवाच्या झाडावरही प्लेन टायगर अंडी घालते, पण चीक त्यालाही असतो.

त्यापेक्षा पानफुटी लावा. अगदी लहान कुंडीत येते, पान मातीवर ठेवलं तरी रुजते. रेड पियरो फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून गर खाते. पान उजेडात धरलं की आतली अळी दिसते. लेकीला हे नक्की दाखवा.

कढीपत्त्याच्या दोन कुंड्या करा, एक सासूबाईंची आणि एक अळ्यांची. सासूबाईंच्या कुंडीत अंडी दिसली की ते पान अळ्यांच्या कुंडीवर टाचायचं. लिंबू जरूर लावा. नीलवंत येईलच असं सांगता येत नाही, जवळपास दाट झाडी असेल तर आशा जास्त. लिंबाची फुलपाखरं (लाइम बटरफ्लाय) मात्र येतील.

धुराच्या दिवशी अळ्या असलेल्या कुंड्या आत घ्या आणि खिडक्या लावा. घरी कडुनिंबाचं तेलही मारू नका, अळ्या त्यानेही मरतात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधी औषध मारलेलं असू शकतं, म्हणून नवी पालवी येईपर्यंत त्यावर अळ्या सोडू नका. एका ताटलीत माती ओली ठेवून चिमूटभर मीठ टाका, नर फुलपाखरं क्षार शोषायला येतात. घाणेरीवर फुलपाखरं कितीही आली तरी ती लावू नका, जंगलात फार माजते.

आणि एकदा घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू बागेत लेकीला घेऊन जा. कुठल्या झाडावर कोण येतं हे तिथे प्रत्यक्ष दिसतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! पानफुटी शेजारीच आहे, आजच पान आणते. आता एकच विचारते. कॉमन रोझ फुलपाखराच्या अळ्यांसाठी ईश्वरीची वेल हवी आहे. रोपवाटिकेत तिच्या नावाखाली मोठ्या फुलांची परदेशी शोभेची वेल देतात, आणि तिच्यावर काही जातींच्या अळ्या मरतात असं वाचलंय. ठाणे-कल्याण भागात अस्सल देशी ईश्वरी कोणाकडे आहे का? छाट किंवा बी मिळालं तर मी येऊन घेऊन जाईन.