डायसन स्फिअर प्रोग्राम (ग्रहांवर कारखाने उभारायचा व्हिडिओ गेम): जहाजं खाणीवर ठेवायची की कारखान्यावर?

बीडकर: दुसऱ्या ताऱ्यावरून माल आणायचा असेल तर सगळी जहाजं माल मागणाऱ्या कारखान्याच्या आयएलएसवर (ताऱ्यांमधल्या मालवाहतुकीचं स्टेशन) ठेवा, खाणीवर एकही नको. आपल्याकडं कारखान्याचीच वाहनं फडात ऊस न्यायला येतात, तसंच. मुख्य कारण वॉर्पर, म्हणजे जहाजाला ताऱ्यांमधली अतिवेगवान झेप घ्यायला लागणारी, वापरली की संपणारी वस्तू. जाऊन-येऊन 2 वॉर्पर लागतात. जहाजं खाणींवर ठेवली की प्रत्येक खाणीला वॉर्पर पुरवत बसायचं, आणि स्टेशनवरच्या मालाच्या 5 स्लॉटपैकी 1 त्यातच अडकतो. शिवाय वीज. आयएलएसचं चार्जिंग 60 मेगावॉटवर ठेवलं तर 300 किलोवॉटच्या 200 पवनचक्क्या होतात. जहाजं नसली तर बॅटरी एकदा भरली की तो भार जवळपास संपतो.

नांदेडकर: उसाचंच घ्या. कारखान्याची वाहनं कमी पडली की तोड लांबते आणि ऊस फडातच वाळतो! एका स्टेशनवर जास्तीत जास्त 10 जहाजं, सुरुवातीची क्षमता जहाजाला 200 नग. फेरी 4 मिनिटांची धरा: मिनिटाला 500 नग, सेकंदाला जेमतेम 8. माल वाहणारा हिरवा सरकता पट्टाच सेकंदाला 12 ओढतो, निळा 30. त्यात तीच 10 जहाजं चार-पाच मालांत वाटली जाणार. एखादा माल उपाशी राहणारच.

बीडकर: संशोधनानं क्षमता 1000 होते. मग त्याच फेरीत मिनिटाला 2500.

नांदेडकर: तोपर्यंतचं काय? आणि वॉर्परची टंचाई तरी कुठं राहते? ग्रॅव्हिटॉन लेन्सपासून 1 ला 1 बनवू नका, ग्रॅव्हिटी मॅट्रिक्स (संशोधनात लागणारा घन) वापरा, 1 ला 8 मिळतात. स्टेशनच्या वॉर्पर खान्यात 50 मावतात, म्हणजे 25 फेऱ्या. टायटॅनियमसारख्या मोठ्या खाणीवर एक स्लॉट वॉर्परच्या मागणीला द्या, खाना आपोआप भरत राहतो. खाणीवर पाचही स्लॉट लागतात कुणाला?

परभणीकर: दोघांचंही गणित एका बटणावर अवलंबून आहे. 'वॉर्पर असल्याशिवाय निघू नये' हे चालू ठेवा. ते बंद असेल आणि खाना रिकामा असेल, तर जहाज साध्या वेगानं निघतं. खेळात 1 प्रकाशवर्ष म्हणजे 60 एयू (खगोलीय एकक). 5 प्रकाशवर्षांवर गेलेलं जहाज लवकर परत येत नाही, तोवर दहातलं एक कमी. वॉर्प (ती झेप) सुरू होण्याचं अंतरही फार कमी ठेवू नका, नाहीतर शेजारच्या ग्रहावर जातानाही वॉर्पर उडतात.

बीडकर: हे पटलं. पण अँटिमॅटर इंधनकांड्यांना खाणीवर जहाजं ठेवण्याचा नियम लावू नका. या कांड्या जाळून वीज देणारा कृत्रिम तारा 72 मेगावॉटचा, कांडी 7.2 गिगाज्यूलची: 100 सेकंदांना एक. 10 ताऱ्यांना मिनिटाला 6 कांड्या पुरतात, त्याला एक जहाज पुष्कळ झालं.

नांदेडकर: मान्य, फक्त जहाज निघायला लागणारा किमान माल क्षमतेच्या 100 टक्के ठेवला असेल तर पुरवठ्याच्या स्लॉटमध्ये किती नग मावतात ती मर्यादा तपासा. क्षमता 1000 आणि मर्यादा 500 राहिली, तर जहाज भरत नाही, निघतही नाही, आणि तारे एकेक करून विझतात.