जेवताना फक्त जेवायचं : तब्येतीला खरंच फरक पडतो का?

कोथिंबीरवडी
बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकते. मागच्या दिवाळीपर्यंत माझं रात्रीचं जेवण म्हणजे डाव्या हातात मोबाईल आणि उजव्या हातात घास. रोज सकाळी उपाशीपोटी ऍसिडिटीची गोळी, आणि रात्री जेवून तास होत नाही तोवर परत फरसाणाच्या डब्यात हात. एका रात्री खाली बघितलं तर ताट रिकामं आणि भाजी कुठली होती तेच आठवेना. दोडक्याची होती, मीच केलेली, वरून तिळाचं कूट घातलेली. इतकं वाईट वाटलं ना त्या भाजीचं, की दुसऱ्या दिवसापासून मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि मगच पानावर बसायचं असं ठरवलं.

बाकी काही बदललं नाही, तेल तेवढंच, भात तेवढाच. पहिले आठ दिवस फार जड गेले, डावा हात सारखा काहीतरी शोधायचा. मग हळूहळू कळायला लागलं की ज्वारीची भाकरी नीट चावली तर तोंडातच गोडसर लागते. लाळेमुळे स्टार्चची साखर व्हायला तिथेच सुरुवात होते हे शाळेत शिकलेलं, पण ती चव मला चाळिशी ओलांडल्यावर कळली. आणि तिसरी पोळी नकोय हे दुसरी संपता संपताच कळतं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिनिटं लागतात म्हणतात, आणि माझं सगळं जेवण सात-आठ मिनिटांत उरकायचं, म्हणजे निरोप यायच्या आधीच मी हात धुवून मोकळी.

सहा महिन्यांत वजन अडीच किलोच उतरलं, पण गोळी बंद झाली (डॉक्टरांना विचारून) आणि रात्रीचं फरसाण सुटलं. डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर, दोनदाच खायचं की दर दोन तासांनी, यावर आपल्याकडे घराघरात भांडणं झाली, पण कसं जेवायचं हे कुणी मनावर घेतच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काय?

जुनापिंपळ
+१. यात नवीन काहीच नाही हो. आमच्याकडे श्लोक म्हटल्याशिवाय कुणी घासाला हात लावायचं नाही. आजोबा आपोष्णी घ्यायचे, ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, त्यात दोन मिनिटं जायची आणि तेवढ्यात मन ताटावर यायचं. अर्धं पोट अन्नाला, पाव पाण्याला, पाव वाऱ्याला हे आयुर्वेदातलं माप सगळ्यांना पाठ होतं. ओकिनावाची म्हातारी माणसं पोट ८० टक्के भरलं की थांबतात म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, घरातलं मात्र विसरलो.

लोकलकर
कोथिंबीरवडी, तुमची गोळी बंद झाली याचा मनापासून आनंद आहे, पण मुद्दा पटला नाही. मी डोंबिवलीहून रोज सकाळी सहा पन्नासला निघतो, ऑफिसात लंच अर्ध्या तासाचा, त्यातली दहा मिनिटं एका मायक्रोवेव्हपुढच्या रांगेत जातात आणि पाच लिफ्टमध्ये. राहिली पंधरा. आमचा सिक्युरिटीवाला बारा तासांच्या ड्युटीत गेटवरच स्टुलावर डबा उघडतो, एक घास खातो, गाडी आली की उठतो, परत बसतो. त्याला घास ३२ वेळा चावायला सांगणार का? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती, ती प्रत्यक्षात किती जणांना मिळाली ते कुठल्याही एमआयडीसीत जाऊन बघा. माणसाकडे वेळच ठेवायचा नाही आणि वर तूच लक्ष देऊन जेवत नाहीस म्हणून त्याच्याच माथी दोष मारायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरं म्हणजे आम्ही पाच जण डबे मधे ठेवून जेवतो. एकाची वालाची उसळ, एकाची सुकट, नुसता गोंधळ असतो. गप्प बसून ताटाकडे बघत जेवायचं असेल तर ती पंधरा मिनिटंही नकोत मला. दिवसभरात तेवढंच काय ते माणसांत असतो मी.

उंबरठा
जुनापिंपळ, रागावू नका पण तुमच्या आजोबांच्या ताटात त्या वेळी वाढत कोण होतं?

माझी आजी सगळ्यांना तव्यावरची गरम पोळी वाढायची आणि दुपारी तीनला ओट्याशी उभी राहून पातेल्याच्या बुडाची खरवड आणि उरलेलं वरण खायची. आमटीतल्या शेंगा संपलेल्या असायच्या. ती हळू जेवली की भरभर हे कुणी बघितलंच नाही कारण ती जेवताना तिथे कुणी नसायचंच. तीच पद्धत माझ्या घरात चालत आली, मी एमए केलंय, नोकरी करते, तरी मी बसले की दोन मिनिटांत कुणीतरी मीठ मागतं, कुणाला ताक हवं असतं, मग उठायचं, परत बसायचं, तोवर भात गार. माझ्यासाठी हा प्रश्न मोबाईलचा नाहीच. एका जागी वीस मिनिटं मला कुणी बसू दिलं तर मीही मन लावून जेवीन.

मेथीदाणा
मी आहारतज्ज्ञ आहे, रोज पेशंट बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक दुरुस्ती. कसं जेवायचं हे कुणी सांगत नाही असं नाहीये. दिवेकर तर कायम सांगतात की मांडी घालून, हाताने, सावकाश जेवा. आणि दीक्षितांचं म्हणणं कडकडून भूक लागेल तेव्हा दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत. आपण ऐकताना फक्त किती वेळा तेवढंच उचललं.

मन लावून खाण्याचा फायदा मला सगळ्यात जास्त दिसतो तो ताण आला की खाणाऱ्यांत, म्हणजे रात्री अकराला फ्रीज उघडणारे, भूक नसताना पाकीट संपवणारे. त्यांना खरंच मदत होते. वजन उतरण्याचं मात्र तसं छातीठोक सांगता येत नाही, नुसतं लक्ष देऊन खाल्ल्याने साध्या डाएटपेक्षा जास्त वजन उतरतं असं अभ्यासांत एकसारखं दिसलेलं नाही. हे मी पेशंटला पहिल्याच दिवशी सांगते, नाहीतर महिन्याभराने ते काट्याकडे बघून सगळंच सोडून देतात.

आणि या क्षेत्रात अति करणारे फार होऊन गेलेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ अन्नाचं पाणी होईपर्यंत चावा म्हणून सांगत फिरायचे, लोक जेवताना चावणं मोजायचे. अलीकडचं म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॅन्सिंक, लहान ताट घ्या म्हणजे कमी खाल हे त्यांच्यामुळे जगभर पसरलं. २०१८ मध्ये जामा या अमेरिकी वैद्यकीय समूहाच्या जर्नल्सनी त्यांचे सहा शोधनिबंध एकदम मागे घेतले, विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन निघालं आणि त्यांनी राजीनामा दिला. म्हणून लहान ताटाचा उपाय मी आता छातीवर हात ठेवून सांगत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांना डायबेटीस आहे आणि इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी "भूक लागेल तेव्हाच खाईन" असला प्रयोग डॉक्टरांना न विचारता करू नका. साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत देशात १० कोटींवर डायबेटीसवाले निघाले, म्हणजे हा धागा वाचणाऱ्यांतही नक्की आहेत.

रविवारची_मिसळ
मला वाटतं सगळे कसं खायचं यावर अडकलेत. मुळात काय खातोय ते बघा की. बिस्किटाचा पुडा तुम्ही डोळे मिटून, एकेक कण अनुभवत खाल्ला तरी तो बिस्किटाचा पुडाच. अमेरिकेत २०१९ ला केव्हिन हॉल या संशोधकाने २० लोकांना संशोधन संस्थेतच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं अन्न दिलं, हवं तितकं खा म्हणून. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फायबर सारखं. तरी तयार अन्नाच्या वेळी लोक दिवसाला ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि दोन आठवड्यांत किलोभर वजन वाढलं. त्या लोकांना दोन आठवड्यांपुरतं मन नव्हतं का? अन्नच तसं होतं.

कोथिंबीरवडी
रविवारची_मिसळ, मी तो अभ्यास वाचलाय आणि त्यात अजून एक गोष्ट आहे जी तुम्ही सोडली, तयार अन्न लोकांनी भरभर खाल्लं. मऊ असतं, चावावं लागत नाही, घशाखाली उतरतं. म्हणजे काय आणि कसं हे वेगळं काढताच येत नाही. भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर हे भरभर खाऊन बघा, जबडाच दुखेल. बिस्किट चहात बुडवलं की दोन सेकंद.

लोकलकर, गप्प बसून जेवा असं मी म्हणतच नाहीये. सुकट कुणाच्या घरची, तिखट किती झालीय यावर तुम्ही बोलता ना, मग तुमचं लक्ष जेवणावरच आहे की. माझा विरोध स्क्रीनला आहे. पण सिक्युरिटीवाल्याचं तुमचं म्हणणं मला टोचलं, त्याचं माझ्याकडे उत्तर नाही आणि मी जे लिहिलं ते माझ्या सोयीच्या घरातून लिहिलं हे मान्य.

जुनापिंपळ
उंबरठाताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आजी कधी जेवायची हे मला खरंच आठवत नाहीये. मी घरात सगळ्यात मोठा नातू, रोज तिच्या हातचं जेवलो, आणि तिला जेवताना बघितल्याचं एकही चित्र डोळ्यापुढे येत नाही.

उंबरठा
दादा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते बरं वाटलं.

आमच्याकडे पंधरा दिवस झाले एक सुरू केलंय. पोळ्या आधीच सगळ्या करून डब्यात, मीठ-लिंबू-ताक-लोणचं सगळं टेबलावर, आणि बसायचं सगळ्यांनी एकदम. नवऱ्याचं म्हणणं गरम पोळीची मजा गेली. गेलीच, खोटं कशाला बोलू. पण सासूबाई परवा म्हणाल्या की कारल्याची भाजी तू बरी करतेस गं, आणि नऊ वर्षं मी ती भाजी त्यांना वाढतेय.

लोकलकर
स्क्रीनचं मान्य. आमच्यातला एक जण जेवताना क्रिकेट लावतो, त्याला उद्यापासून बंद करायला सांगतो. वेळेबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही, म्हणून आज आम्ही अकरा जणांनी सह्या करून अर्ज दिलाय, लंच पाऊण तास करा आणि दुसरा मायक्रोवेव्ह द्या, गेटवर जेवणाच्या वेळी बदली माणूस ठेवा. एचआरवाले बघतो म्हणालेत. सोमवारी परत विचारणार आहे.