ॲक्रेडिटेशनला काय म्हणावं? आणि त्यात विद्यार्थी जे लिहितात त्याला काय?

बोरूबहाद्दर
इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणावर लेख लिहितोय. भाची मेडिकल स्कूलला आहे, तिच्या कॉलेजचं ॲक्रेडिटेशन (बाहेरच्या संस्थेने कॉलेज तपासून ते निकषांत बसतं का हे ठरवणं) जवळ आलंय आणि त्यासाठी विद्यार्थ्यांनी करायच्या अहवालाच्या समितीत ती आहे. दोन ठिकाणी अडलोय. एक, ॲक्रेडिटेशन. दुसरं, त्या अहवालाचं नाव: इंडिपेंडंट स्टुडंट ॲनालिसिस. तिकडे नुसतं आयएसए म्हणतात. 'स्वतंत्र विद्यार्थी विश्लेषण' लिहून पाहिलं, तर कुणी स्वतंत्र विद्यार्थी पकडून त्याचं विश्लेषण केल्यासारखं वाटलं.

ओसरी
पहिल्याला अधिस्वीकृती. आपल्याकडे कॉलेजांची तपासणी करणाऱ्या नॅकसंदर्भात मराठीत हा शब्द चालतो. हिंदीवाले प्रत्यायन म्हणतात, तो आपल्याकडे नको.

खडूस
अधिस्वीकृती म्हटलं की पत्रकाराचं कार्ड आणि एसटीची सवलत आठवते. पेपरवाले सर्रास 'नॅक मानांकन' लिहितात. तेच घ्या की.

शब्दवेल्हाळ
मानांकन इथे बसणार नाही. नॅक 'ए प्लस प्लस' वगैरे श्रेणी देत आली, म्हणून तिथे मानांकन शोभलं. अमेरिकेत एमडीच्या, म्हणजे आपल्या एमबीबीएससारख्या पहिल्या वैद्यकीय पदवीच्या, अभ्यासक्रमांची तपासणी एलसीएमई करते. तिथल्या दोन वैद्यकीय संघटनांनी मिळून 1942 साली ही समिती काढली. ती श्रेणी देत नाही. अधिस्वीकृती आहे, इशाऱ्यासह आहे, किंवा कॉलेज परिवीक्षेवर (प्रोबेशनवर) आहे, एवढंच सांगते. पहिला-दुसरा नंबर नाही.
'मान्यता'ही टाळा. आपल्याकडे मान्यता दिल्लीची आणि संलग्नता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, हे वाचकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. मान्यता म्हटलं की सरकारी शिक्का डोळ्यांपुढे येतो, आणि एलसीएमई काही सरकारी खातं नव्हे. माझं मत अधिस्वीकृतीला. पत्रकारांनी सात-बारा करून घेतला असला तरी.

जुना_इंटर्न
आमच्याकडे शब्द एकच होता: इन्स्पेक्शन. 'इन्स्पेक्शन लागलंय' म्हटलं की वॉर्डांना रंग, लायब्ररीत नवे पंखे, आणि कधी न दिसलेले सर खुर्चीत. आम्ही काय करायचं? स्वच्छ ॲप्रन घालून हजर राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कॉलेजचं नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आता वैद्यकीय परिषद जाऊन 2020 पासून वैद्यकीय आयोग आला, मूल्यांकनाला वेगळं मंडळ झालं, पण तोंडातला शब्द इन्स्पेक्शनच आहे.
दुसऱ्याला 'विद्यार्थी अभिप्राय' म्हणा आणि मोकळे व्हा.

बोरूबहाद्दर
इंटर्नसाहेब, तिथेच तर घोडं अडलंय. अभिप्राय म्हणजे कुणीतरी फॉर्म दिला आणि आपण भरला. नॅकचं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण तसं आहे: प्रश्न नॅकचे, 2017 च्या पद्धतीत एकवीस, त्यातला शेवटचा खुला, आणि उत्तरं मागवणारीही नॅकच. तो अभिप्राय, मान्य.
आयएसए वेगळं प्रकरण आहे. काही प्रश्न एलसीएमईने नेमून दिलेले असतात, पण त्यात भर घालायची, सगळ्या वर्षांच्या मुलांकडे पाठपुरावा करून ते भरून घ्यायचे, आकडे मांडायचे आणि त्यावर अहवाल लिहायचा, हे सगळं विद्यार्थी करतात. कॉलेज सर्वेक्षणाच्या तांत्रिक बाजूला मदत करू शकतं, मजकुराला हात लावू शकत नाही. आकडे वर्षवार मांडावे लागतात. पहिल्या वर्षाची मुलं खूश आणि तिसऱ्याची वैतागलेली असली, तर सरासरीत ते बुडून जात नाही.
विचारतात काय? अभ्यासाला आणि विश्रांतीला जागा, कर्जाबद्दल सल्ला, वॉर्डात अपमान झाला तर सांगायची सोय, आपल्या तक्रारीवर ऑफिस हलतं का. एकेका विषयाचा अभ्यासक्रम संपल्यावर सहा आठवड्यांत त्याचा निकाल हातात पडला पाहिजे असा तिथे नियम आहे. तो पाळला जातो का, हे मुलांइतकं कोण सांगणार?
आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: कॉलेजला स्वतःची जी जाडजूड माहितीची फाइल भरावी लागते, तिच्यातल्या कित्येक तक्त्यांत मुलांच्या या सर्वेक्षणाचेच आकडे घालावे लागतात. न आवडले तरी.

खडूस
मग ती साक्ष झाली. 'विद्यार्थ्यांची साक्ष'.

शब्दवेल्हाळ
साक्ष तोंडी वाटते, आणि एकेकट्याची. ती पुढे येतेच, तपासणीपथक कॉलेजात आलं की विद्यार्थ्यांना वेगळं भेटतं तेव्हा. त्या भेटीला साक्ष म्हणा. आयएसए तर पथक यायच्या सुमारे तीन महिने आधी कॉलेजच्या कागदांसोबत पोचलेला असतो. पथकातले लोक तो वाचूनच विमानात बसतात.

ओसरी
कैफियत? पेशवाईत गावाची कैफियत लिहून घेत. हकिकत, तीही लेखी. कोर्टात प्रतिवादी अजून लेखी कैफियतच देतो.

खडूस
शब्द झकास, पण आजच्या वाचकाला कैफियत म्हणजे रडगाणं. भाचीच्या अहवालात 'वाचनालय उत्तम, नव्वद टक्के समाधानी' असंही असेल ना? ती कसली कैफियत!

जुना_इंटर्न
बरं, एक शंका. तपासणाऱ्यांत कुणी विद्यार्थी असतो, की फक्त तपासले जाणाऱ्यांत?

शब्दवेल्हाळ
निर्णय घेणाऱ्या एलसीएमईत दोन विद्यार्थी सदस्य असतात. युरोपात तर उच्चशिक्षणाच्या सामायिक निकषांनुसार बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांच्या गटातच विद्यार्थी हवा, मग विषय कुठलाही असो. त्यामुळे बोरूबहाद्दर, लेखात 'विद्यार्थ्यांचा सहभाग' असं एकच गुळमुळीत पद सगळीकडे वापरू नका. अहवाल लिहिणारे, पथकाला भेटणारे आणि निर्णयाच्या टेबलावर बसणारे अशा तीन भूमिका आहेत. 'सहभाग' स्नेहसंमेलनातही असतो.

बोरूबहाद्दर
हे पटलं. मग असं करतो: पहिल्यांदा 'विद्यार्थ्यांचा स्वतंत्र अहवाल', पुढे नुसतं 'विद्यार्थी-अहवाल'. विश्लेषण गाळलं तरी बिघडत नाही, अहवालात ते आलंच. कॉलेज स्वतःबद्दल लिहितं ते 'स्वमूल्यमापन'. दोन कागद दोन हातचे आहेत, हे नावांवरूनच कळेल.

ओसरी
आणि पथक येतं त्याला? 'साइट व्हिजिट'?

जुना_इंटर्न
इन्स्पेक्शन!

बोरूबहाद्दर
'पाहणी' लिहितोय. दर आठ वर्षांनी होणारी पाहणी. इमारत दाखवत फिरवण्याचं कामही बऱ्याचदा विद्यार्थ्यांकडेच असतं म्हणे. भाचीला विचारलं, पथकाला काय काय दाखवणार? म्हणाली, रात्रपाळीत टेकायची कॉल रूम आधी.