शब्दचर्चा : नामुष्की आणि जॉर्जियातला 'नामुसी'

आपल्याकडे नामुष्की 'ओढवते' नाहीतर 'पत्करावी लागते'. शब्द फारसीतून आला. 'नामूस' म्हणजे अब्रू, लौकिक. अरबीत तो नियम या अर्थाने होता आणि तिथे ग्रीक 'नोमोस'वरून पोचला. मराठीत अब्रू गेली, ती जाण्याची लाज तेवढी उरली! जॉर्जियन भाषेत मात्र 'नामुसी' अजून सरळ अर्थाने नांदतो : आब, सदसद्विवेक. ज्याला तो नाही, तो 'उनामुसो'.

हे आठवलं जॉर्जियन कवी वाझा-प्शावेला (१८६१–१९१५) यांच्या 'पाहुणा आणि यजमान' (१८९३) या कथाकाव्यामुळे. कॉकेशसच्या डोंगरातला किस्त जमातीचा जोकोला एका अनोळखी माणसाला रात्रीपुरता घरी आणतो. गाव ओळखतं : हा तर खेवसूर या दुसऱ्या डोंगरी जमातीचा झ्वियादाउरी, आपला वैरी, जोकोलाच्या सख्ख्या भावाचा मारेकरी. जोकोला अडून बसतो, आज हा माझा पाहुणा आहे. गावकरी त्यालाच बांधतात आणि झ्वियादाउरीचा थडग्यावर बळी देतात. जोकोलाने जे राखलं, त्याला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : 'अब्रू' चालेल की.

मूळ लेखक : मला नाही पटत. अब्रू चारचौघांच्या डोळ्यांत असते, आणि इथे चारचौघेच उलटलेत. गावाच्या लेखी जोकोलाची अब्रू त्याच रात्री गेली. 'इमान' जवळचा वाटतो. 'उनामुसो'लाही 'बेइमान' बऱ्यापैकी बसतो. 'इज्जत' म्हटलं की हल्ली घरातल्या बायकांवरच येऊन थांबतं, म्हणून तो नकोच.

प्रतिसाद : बायकांचं निघालं म्हणून. जोकोलाची बायको आगाझा त्या वैऱ्यासाठी रडते ना?

मूळ लेखक : हो, आणि नवऱ्यापाशी कबूलही करते. तो रागावत नाही. मर्दासाठी बाईने रडणं शोभतंच, असं म्हणतो. हे प्रेम की आदर, कवी नाव देत नाही. मी अनुवाद करताना तिथे 'माया' लिहिलं होतं, ते खोडलं. नुसतं 'रडली' ठेवलंय.

प्रतिसाद : शीर्षकातला 'यजमान' मात्र बदलू नका. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा. बायको नवऱ्यालाही यजमान म्हणते. इथे यजमानाच्या घरून पाहुणा ओढून नेला आणि बळी दिला गावाने.

मूळ लेखक : हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ठेवतो.