टर्बोवाली पिकअप घ्यावी का? चार लाख किमीच्या पुढं टर्बो टिकतो का खरंच?

जुन्नरचा_गडी

नमस्कार मंडळी. आमची टोमॅटो आणि तरकारीची वाहतूक आहे, नारायणगाव मार्केटातून माळशेज उतरून कल्याण मार्गे वाशी, सीझनला जवळपास रोजच. वडलांची जुनी गाडी बिनटर्बोची डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल), इतक्या वर्षांत इंजिन एकदाच खोललं ते पण रिंग-पिस्टनसाठी, पण आता पंधरा वर्षं झाल्यावर पासिंगचा खर्च आणि सडलेला पत्रा बघता ती काढायची ठरलीये. घोडं असं अडलंय की आता दीड टनाच्या पिकअपमध्ये डिझेल घ्यायचं म्हणजे टर्बोच (धुराच्या गॅसवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), आणि वडील काही केल्या ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं टर्बो म्हणजे इंजिनाला मारून-मुटकून पळवणं, दोन लाख झाले की टर्बो बसणार आणि जाताना इंजिन पण घेऊन जाणार.

दोन गाड्या नजरेत आहेत. एक २०१८ ची बीएस४ (धुराचे आधीचे नियम; बीएस६ म्हणजे त्यानंतरचे कडक), अडीच लिटरचं कॉमनरेल टर्बो इंजिन, मीटरवर १ लाख ९० हजार. दुसरी नवी कोरी बीएस६, लोन काढून. गाडी निदान दहा वर्षं ठेवायचीये. ज्यांनी टर्बोची गाडी चार लाखाच्या पुढं नेलीये त्यांनीच सांगा प्लीज, व्हिडिओ बघून सांगणारे गावात भरपूर आहेत.

गॅरेज_सांगली

वडलांचं चूक नाय, त्यांच्या वेळच्या गोष्टी खऱ्याच होत्या. पण आधी एक हिशोब बघा. ह्या अडीच लिटरच्या पिकअप इंजिनांची पॉवर किती, ७५ एचपीच्या आसपास, म्हणजे लिटरला ३०. आता तोच टर्बो इसुझुच्या व्ही-क्रॉस पिकअपला बघा, १.९ लिटरमधून १६३ पीएस काढतात, लिटरला ८५ च्या वर. दोन्ही टर्बोच, पण इंजिनावर पडणारा ताण कुठल्या कुठं. मालवाहू पिकअपमध्ये कंपनीनं टर्बो दिलाय तो खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या कमी फेऱ्यांना) टॉर्क म्हणजे ओढ मिळावी आणि धुराचे नियम पास व्हावेत म्हणून, गाडी पळवायला नाही. त्यामुळं मारून-मुटकून वगैरे काही नसतं इथं.

आता टर्बो जातो कशानं. आत जो शाफ्ट असतो तो लोडवर लाख-दीड लाखाच्या वर आरपीएमनं फिरतो, आणि त्याला बॉल बेअरिंग नसतं बहुतेक गाड्यांत, साधी बुश असते, ती आणि शाफ्ट दोन्ही तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात. एका बाजूला सायलेन्सरचा सहा-सातशे डिग्रीचा गॅस, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधी ते तेल. मग ऑइल काळं चिकट झालं, लेव्हल कमी पडली, किंवा टर्बोला जाणारी ऑइलची बारकी पाइप आतनं कार्बननं चोंदली की शाफ्ट कोरडा घासला. खेळ खल्लास. माझ्याकडं येणाऱ्या दहापैकी आठ टर्बोंची गोष्ट हीच असती, बाकीच्यात एअर फिल्टरमधून धूळ गेलेली नायतर होज फाटलेला. आणि गंमत म्हणजे नवा टर्बो बसवतात पण ती बारकी पाइप जुनीच ठेवतात, मग तो पण वर्षात बसतो आणि शिव्या टर्बोला.

बिनटर्बोच्या इंजिनानं खराब ऑइल पन्नास हजार किमी सोसलं असतं, टर्बो सोसत नाय, फरक एवढाच. कंपनीनं बुकात जेवढे किमी लिहिलेत ते चांगल्या रस्त्याचं लिहिलेत, तुम्ही ओव्हरलोड आणि वाशीच्या गेटला तासनतास लाइनीत इंजिन चालू ठेवून उभे राहणार, तर त्याच्या आधीच बदला. लाइनीत उभं राहिलं की किमी पडत नाहीत पण इंजिनाचे तास पडतात हे कुणी धरत नाय.

मासळी_लाइन

रत्नागिरीवरून कोल्हापूर, मासळी आणि बर्फ, आंबा घाट भरलेल्या गाडीनं चढायचा, ते पण रात्री वेळेवर पोचायच्या घाईत. जुन्नरवाले भाऊ तुमचं एक बरं आहे, तुम्ही माळशेज भरून उतरता आणि रिकाम्या क्रेट घेऊन चढता, म्हणजे टर्बोला तसं कष्ट नाहीतच, तुमचे ब्रेक लायनर जास्त जाणार 😄 आमचं उलटं. तरी माझी एक गाडी पावणेपाच लाखावर आहे आणि टर्बो ओरिजिनल, कंपनीचं नाव घेत नाही उगाच भांडणं लागतात इथे.

मी ड्रायव्हरला दोनच गोष्टींसाठी ओरडतो. घाट चढून वर आलं की चहाला थांबायचं असतं सगळ्यांनाच, तर गाडी लावल्या लावल्या चावी फिरवायची नाही, दीड-दोन मिनिटं आयडलला राहू दे. तेव्हा टर्बो लाल झालेला असतो आणि इंजिन बंद म्हणजे ऑइल पंप बंद, जे तेल आत अडकलं ते तिथेच जळून कोळसा होतं. सपाट रस्त्यावरून हळू येऊन थांबलात तर ह्याची गरज नाही, काही लोक दुकानासमोर पण पाच पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात ते निव्वळ डिझेल जाळणं. दुसरं सकाळी स्टार्ट केल्या केल्या रेस द्यायची नाही, ऑइल वर चढायला थोडा वेळ द्या.

आणि दुसऱ्या गाडीचा टर्बो गेला होता ते पण सांगतो. गाडीची ओढ कमी झाली, काळा धूर, ड्रायव्हर म्हणाला डिझेल खराब असेल, आठवडाभर तशीच दामटली. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी होज क्लिपपाशी चिरला होता. हवा बाहेर, म्हणून टर्बो तेवढाच दाब करायला जास्त जोरात फिरत राहिला आणि शेवटी गेला. दोन-अडीच हजाराच्या होजपायी. तेव्हा गाडी ओढत नाही आणि सुस्स असा आवाज येतोय असं झालं तर त्याच दिवशी बघा.

बीएस३_झिंदाबाद

भाऊ बीएस६ च्या नादाला लागू नका. टर्बोपेक्षा तो डीपीएफ (सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) डोकं खातो. माझ्या मेव्हण्याची गाडी सारखी दिवा लावून लिंप मोडला, म्हणजे ताकद कमी करून रांगत. बीएस४ घ्या, आणि बीएस६ घेतलीच तर वॉरंटी संपली की सगळं काढून सरळ पाइप टाकून घ्या, मॅपिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून देणारे पुण्यात पायलीला पन्नास आहेत. अॅव्हरेज पण वाढतं.

गॅरेज_सांगली

@बीएस३_झिंदाबाद राव असले सल्ले देऊ नका. एकतर बेकायदेशीर, पासिंगला अडकलं की मालक बोंबलत माझ्याकडंच येतोय. दुसरं म्हणजे ते मॅपिंगवाले नुसता डीपीएफ बंद करत नाहीत, जाता जाता डिझेल पण वाढवून देतात 'पिकअप बघा कसा आला' म्हणायला, आणि मग एग्झॉस्टचं तापमान वाढतं आणि ज्या टर्बोची एवढी काळजी चाललीये तोच पहिला भाजतो.

पण मेव्हण्याच्या गाडीचा त्रास खरा असणार, ते मी नाकारत नाय. ज्या गाडीला डीपीएफ आहे तिच्यात काजळी साठते, ती जाळायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं एका चालीनं पळावी लागते, आत सहाशे डिग्रीच्या आसपास तापमान जावं लागतं. गावातल्या गावात दूध गोळा करणारी गाडी कधी तेवढी तापतच नाय. काजळी जाळायला सुरुवात झाली की मालक गाडी बंद करतो, असं चार वेळा झालं की ती जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल बोअरमधून (सिलिंडरमधून) खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे, ऑइल पातळ झालंय, आणि पातळ ऑइलवर टर्बोचा शाफ्ट किती दिवस तरंगणार. म्हणजे फिरून पुन्हा ऑइलवरच येतंय सगळं.

नारायणगाव-वाशीवाल्याला हा त्रास कमी, रोज लांबचा पल्ला आहे. फक्त डीपीएफ असेल तर ऑइल कमी राखेचंच पाहिजे, डब्यावर सीके-४ किंवा एसीईए सी३ असलं जे बुकात लिहिलंय तेच. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल ओतणाऱ्यांनी बीएस६ घेऊच नये.

ह्यूस्टनकर_मूळचा_साताऱ्याचा

मजा वाटली वाचून, कारण इथे अमेरिकेत हेच भांडण चालू आहे फक्त इथे वडलांच्या जागी व्ही८ (आठ सिलिंडरचं मोठं बिनटर्बो इंजिन) वाले म्हातारे आहेत. फोर्डने २०११ च्या एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचं ट्विन टर्बो पेट्रोल इंजिन दिलं, ३६५ एचपी, म्हणजे लिटरला शंभरच्या वर, सगळे म्हणाले लाख मैलात फुटेल. त्या इंजिनांना त्रास झालाच, नाही असं नाही, टायमिंग चेन ताणणं, नंतरच्या पिढीत कॅम फेझरचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढंमागं करणारा भाग) सकाळी स्टार्टला खडखडाट, पण गंमत बघा की नाव येतं ते चेनचं आणि फेझरचं, टर्बोचं नाही. टोयोटाने टुंड्रामधला ५.७ चा व्ही८ काढून २०२२ मॉडेलला ट्विन टर्बो व्ही६ टाकला आणि २०२४ मध्ये लाखभर गाड्या परत बोलावल्या, लोक लगेच ओरडले बघा टर्बो! तर कारण निघालं कारखान्यात मशिनिंगचा चुरा इंजिनात राहिला आणि मेन बेअरिंग गेले. आणि पुढच्याच वर्षी जीएमने ६.२ लिटरचा व्ही८, बिनटर्बोचा, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी परत बोलावला, एकट्या अमेरिकेत सहा लाखाच्या आसपास गाड्या. तपासणीत पास झालेल्या इंजिनांना उपाय काय दिला, तर जाड ग्रेडचं ऑइल.

सांगलीवाल्यांच्या लिटरमागच्या हिशोबाला मात्र शंभर टक्के सहमत. इथे डॉज रॅममध्ये १९८९ मॉडेलपासून कमिन्सचं ५.९ लिटर टर्बो डिझेल यायला लागलं, तेव्हा त्याची पॉवर फक्त १६० एचपी, लिटरला २७. ती जुनी इंजिनं अजून ट्रेलर ओढताना दिसतात हायवेला. म्हणून तुमच्या ७५ एचपीवाल्याची मी तरी काळजी केली नसती. बाकी वडलांना कमिन्स सांगा, पुण्यात राहिलेल्या माणसाला ते नाव पुरतं.

जुन्नरचा_गडी

सगळ्यांचे आभार, सगळं वडलांना वाचून दाखवलं, कमिन्सवर जरा नरमले, पण आता म्हणतात मग नवी कशाला, जुनीच घे, हप्ता नको. त्यामुळं रविवारी ती २०१८ ची बघायला मंचरला जातोय. टर्बो बघायचा कसा ते सांगा ना, आमचा मिस्त्री नुसता आवाज ऐकून ओके म्हणतो. आणि ते इंजिन आपोआप रेस होऊन बंदच होत नाही म्हणतात ते खरं आहे का, वडील सारखं तेच सांगतात.

गॅरेज_सांगली

खरं आहे. टर्बोचं सील गेलं की इंजिनाचंच ऑइल हवेबरोबर आत जातं आणि डिझेल इंजिन ते जाळून पळत सुटतं, मग चावी काढली तरी उपयोग नाय. अशा वेळी थांबलेल्या गाडीला वरचा गिअर टाकायचा, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, बंद पडती. नायतर हवेच्या तोंडावर फळी दाबायची, हात नाय लावायचा. पण असं अचानक होत नसतं, महिनाभर आधीपासून निळा धूर आणि ऑइल कमी होणं चालू असतं, बघणारा पाहिजे.

रविवारचं असं करा. इंजिन बंद असताना एअर फिल्टरकडून टर्बोला येणारा पाइप काढा आणि आत बोट घालून शाफ्ट हलवून बघा. आडवा किंचित हलतोच, ते नॉर्मल आहे, पण पुढं-मागं हलला किंवा पंखा कडेला टेकला तर टर्बो संपलाय. पंख्याची पाती कुरतडल्यासारखी दिसली तर समजा गाडीनं धूळ खाल्लीये, म्हणजे बोअर पण घासलेले असणार, मग टर्बोचा विचारच सोडा. इंटरकूलरचा होज काढा, आत तेलाचा ओलावा असतो सगळ्यांच्यात, त्याला घाबरू नका, पण वाटीभर ऑइल सांडलं तर सोडून द्या. गाडी चालू करून ऑइलचं झाकण उघडा, वाफ जोरात फेकत असेल तर रिंगा गेल्यात. मग माल नायतर माणसं बसवून चढाला तिसऱ्यावर रगडा, बारीक शिट्टी चालती, सायरनसारखा आवाज आला तर नको. मीटरवरच्या १ लाख ९० हजारावर विश्वास ठेवू नका, सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरवरून शेवटची नोंद कधीची आणि किती किमीची आहे ते विचारा.

जुन्नरचा_गडी

आणि एजंटनं गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर? सकाळी फोन करूनच निघणार आहे त्याला.

मासळी_लाइन

फोन करू नका. सात वाजता तिथे जाऊन उभे राहा, आणि बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मंचरला मिसळ खा, गावात फिरा, तीन-चार तासांनी परत या, पण थंड स्टार्ट बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.