पुण्याहून मुंबई विमानतळाचं टी-२ (टर्मिनल २) : सहा तास पुरतात का?

आई-बाबा पहिल्यांदाच परदेशी निघालेत, पुण्यातून विमानाच्या वेळेच्या सहा तास आधी निघाले तर चालेल का, असं एकांनी विचारलंय. शनिवार-रविवारी नाही हो! बोरघाट कधी तुंबेल याचा नेम नाही. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. मग कितीही गयावया करा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही. लोणच्याची बरणी मात्र उलट, मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. (हे आईंना पटवणं इमिग्रेशनहून अवघड.) वारंवार जाणाऱ्यांनी फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची (झटपट पासपोर्ट-तपासणीच्या सरकारी योजनेची) नोंदणी करून टाकावी, भारतीय नागरिकांना फुकट आहे, मुंबईत जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय.