"घरचं खा, वजन आपोआप उतरेल" हे पटत नाही

मेथीची_जुडी:
परवा इथे एका ताईंनी लिहिलं होतं की कॅलरी मोजणं हे सगळं फॅड आहे, बाहेरचं बंद करा, घरचं वरण-भात-भाजी-पोळी खा, वजन आपोआप उतरतं. खाली सगळ्यांचं "अगदी खरं" चालू. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

माझं वजन घरच्या जेवणावरच वाढलंय. ६१ चं ७४ झालं तेव्हा हॉटेल महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. आमच्याकडे पाच लिटरचा तेलाचा डबा बरोब्बर महिनाभर पुरतो, माणसं चार. साडेचार किलो तेल होतं ते, ग्रॅमला ९ कॅलरी, चौघांत आणि तीस दिवसांत वाटा, माणशी रोज ३८ ग्रॅम म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तूप, दाण्याचं कूट, खोबरं वेगळं. मग काटा आणला, फोडणीच्या आधी तेलाची बुधली त्यावर ठेवली तर ४१२ ग्रॅम, भरली वांगी झाल्यावर परत ठेवली तर ३७१. एका भाजीत ४१ ग्रॅम! आणि मी इतकी वर्षं म्हणत होते की दोनच पळ्या घालते.

ऑफिसखाली इडली-सांबार मिळतं, दोन इडल्या, एक वाटी सांबार. ते माझ्या चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीच्या निम्म्यात बसतं. घरचं की बाहेरचं हा प्रश्नच चुकीचा आहे, किती ते बघा.

बापू_सातारा:
ताई, इडलीचं उदाहरण तुम्ही सोयीचं निवडलंत. लोक बाहेर जाऊन इडली खातात का? पनीर बटर मसाला, बटर नान, नंतर आइस्क्रीम खातात. मी कॉलेजात असताना दोन वर्षं एका हॉटेलच्या भटारखान्यात काम केलंय. दाल तडका टेबलावर जायच्या आधी वरून बटरचा एक डाव सोडायचा, चकाकी दिसली पाहिजे म्हणून. गिऱ्हाइकाला वाटायचं डाळच मागवलीय, हलकं जेवण. तळणीचं तेल तर विचारू नका. पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही असा नियम २०१८ पासून आहे, पण आमच्यासारख्या गावात तो मीटर लावून बघतंय कोण? घरी तुम्ही बुधली काट्यावर ठेवू शकलात ना? हॉटेलात कुणाची बुधली ठेवणार? इथेच तुमचा मुद्दा संपतो.

चंद्रकोर:
मला दुसरंच म्हणायचंय. उपासाची खिचडी मध्ये कशाला आणलीत? उपास डाएट म्हणून करत नाही आम्ही. माझी आजी नव्वदीपर्यंत दर एकादशीला खिचडी खायची, काटकुळी होती शेवटपर्यंत. प्रत्येक गोष्टीला काटा लावायचा म्हणजे देवाधर्माचंही वजन करायचं का?

मेथीची_जुडी:
देवाचं वजन मी केलेलं नाही, खिचडीचं केलंय. एका प्लेटला साबुदाणा भिजवायच्या आधी ६० ग्रॅम, त्याच्या २१० कॅलरी. कूट ३० ग्रॅम, त्याच्या १७०. दोन चमचे तूप, ९०. बटाटा ४०. पाचशेच्या वर गेलं, दही अजून घातलेलंच नाही. तुमच्या आजी दिवसभर शेतात-विहिरीवर असतील, मी खुर्चीत नऊ तास असते.

चंद्रकोर:
माझी आजी विहिरीवर नव्हती, शाळेत शिक्षिका होती. माहीत नसताना गृहीत धरू नका. आणि खिचडी दिवसातून एकदाच खायची, संध्याकाळी एक वाटी वरीचा भात आणि ताक. तुम्ही खिचडी, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू, वर केळ्याची शिकरण खाल आणि दोष खिचडीला द्याल.

पाटावरवंटा:
चंद्रकोर, राग मानू नका, पण मलाही खिचडीवर बोलायचंय. माझ्या वडिलांना डायबेटिस. श्रावणात सोमवार आणि शनिवार दोन्ही करायचे. घरात सगळे खुश, आज जेवले नाहीत, शुगर चांगली असेल. एका सोमवारी मी खिचडीनंतर दोन तासांनी बोट टोचून बघितलं, मीटरवर २८६. त्यांनी मशीन खराब आहे म्हणून परत टोचायला लावलं, २८१. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नावाला नाही. आई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली, कारण तिने प्रेमाने दोनदा वाढली होती. आता सोमवारी ते दूध, थोडे दाणे आणि एक फळ घेतात, उपास मोडलेला नाही. तेव्हा श्रद्धा आणि काटा एका घरात राहू शकतात, आमच्याकडे राहतात.

चंद्रकोर:
तुमच्या वडिलांना बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला. डायबेटिसवाल्यांनी खिचडी खाऊ नये हे मान्य. निरोगी माणसाबद्दल मत बदलणार नाही.

रोजचा_डबा:
सगळे खिचडीत अडकलेत. "घरचं खा" म्हणताना ते घरचं करणार कोण हे एकानेही विचारलं नाही. मी सव्वापाचला उठते. मुलाचा डबा, नवऱ्याचा डबा, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, आठ अठराची लोकल. त्यात आता पोळीचा उंडा काट्यावर ठेवायचा? आणि मी मोजून केलं तरी वाढताना "अगं एक घे अजून, गरम आहे" आहेच, नाही म्हटलं की तोंडं पडतात. डॉक्टरांनी मला सांगितलं वजन कमी करा, घरात कुणीही म्हणालं नाही की उद्यापासून भाजी मी करतो. शेवटी पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणायला लागले. एक पोळी ३५ ग्रॅमची, रोज तेवढीच, कारण त्यांना हिशोबाने परवडायला हवी. तीन खाते. ते घरचं की बाहेरचं तुम्हीच ठरवा, माझं पाच महिन्यांत साडेचार किलो कमी झालंय.

बापू_सातारा:
रोजचा_डबा, तुमच्या म्हणण्यावर मला उत्तर नाही. आमच्याकडेही स्वयंपाक बायकोच करते आणि मी इथे लिहीत बसलोय. पण केंद्रातल्या भाजीचं तेल दिसतं का तुम्हाला?

रोजचा_डबा:
भाजी आणत नाही, फक्त पोळी. भाजी रविवारी तीन दिवसांची चिरून ठेवते. आणि हो, आज भांडी कोण घासणार तेही लिहा.

कोकणकडा:
मोजामोजीची गरजच नाही हो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं डाएट सोपं आहे, दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही नाही. माझं नऊ किलो उतरलं. ज्यांना तूप-भात सोडवत नाही त्यांनी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकावं, पण दोन्ही एकदम करू नये.

मेथीची_जुडी:
तुमचं उतरलं कारण मधला चहा-खारी-फरसाण बंद झाला, म्हणजे कॅलरी कमीच झाल्या, फक्त तुम्ही मोजल्या नाहीत. मी दोन वेळा करून बघितलं, दुपारी दोन वेळचं एकदम जेवायचे. आणि साखरेऐवजी गूळ घालणाऱ्यांनाही सांगते, ग्रॅमला दोन्ही साधारण तितकंच.

बापू, दाल तडक्याचं पटलं, ते डोक्यात नव्हतं. दहा किंवा जास्त शाखा असलेल्यांना मेन्यूवर कॅलरी लिहायला लावणारा नियम एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने, २०२० ला काढलाय, पण आपण जातो ती हॉटेलं त्यात येत नाहीत. तिथे अंदाजच. मी आता ग्रेव्हीवरचा तवंग चमच्याने बाजूला काढते आणि तंदुरी रोटी बिनाबटरची सांगते. तरी घरचं म्हणजे कमी हे मानणार नाही.

बापू_सातारा:
मीही हॉटेल चांगलं म्हणणार नाही. पण काल रात्री हिला न सांगता बुधली काट्यावर ठेवली होती. मटकीची उसळ, आम्ही दोघंच जेवायला. ३३ ग्रॅम. हिला सांगितलं तर म्हणाली, मग उद्या तू कर. आज पावट्याची मी करतोय, तेल चमच्याने मोजून दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम. कांदा लागतोय तव्याला, पाणी शिंपडत परततोय. अजून काय करता येईल ते सांगा, गॅस चालू आहे.

रोजचा_डबा:
झाकण ठेवा, आच मंद करा, झाकणावर पाणी घाला. मीठ आत्ताच घाला म्हणजे कांद्याला पाणी सुटेल.